बाभूळदऱ्याची सुतळी

मत्सराला औषध नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आणि शिकलेल्या माणसाचा मत्सर तर आणखीच वाईट, कारण तो स्वतःला मत्सर म्हणवूनच घेत नाही. "पद्धतीतला दोष" म्हणतो, "तात्त्विक मतभेद" म्हणतो, आणि आत मात्र चुलीवरच्या रिकाम्या तव्यासारखा नुसता तापत बसतो. आमच्या जयाचंच बघा ना.

जया पुण्याच्या विद्यापीठात संशोधक. विषय भारदस्त: नवकल्पना आणि प्रादेशिक विकास. सरळ सांगायचं तर एखाद्या मुलखात नवी युक्ती कुठून येते, कुणाकडून कुणाकडे जाते आणि तिनं त्या मुलखाचं काही भलं होतं का, हे शोधत उन्हातान्हात हिंडायचं. जया पारनेर तालुक्यात वर्षानुवर्षं हिंडत होती. तिचं मुख्य गाव बाभूळदरा. सुप्याहून आत वळलं की माळरानातून रस्ता जातो, पाऊस झाला तर बाजरी, विहिरीला पाणी असेल तर कांदा. आणि त्या गावात होता पाळणा.

पाळणा म्हणजे लेकराचा नव्हे, कांद्याचा. लोखंडी सळ्यांची चौकट दोरानं आढ्याला टांगलेली. वर कांदे ओतायचे आणि उभ्याउभ्या झुलवायचं. बारीक गोलटी सळ्यांमधून खाली पडते, मोठा माल वर राहतो. आधी बायका दिवसभर उकिडव्या बसून हातानं कांदा निवडायच्या आणि संध्याकाळी कंबर धरून उठायच्या. आता पंचक्रोशीत जिथं तिथं पाळणे झुलायला लागले होते, आणि सगळ्यांत पहिला झुलला तो बाभूळदऱ्यात, लंकाबाईच्या पडवीत. एवढं सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते पुढं: लंकाबाईला तो सुचवला कुणी?

जयाचं म्हणणं, पाळणा माहेरच्या वाटेनं आला. लंकाबाईची सून अश्विनी ही कर्जत तालुक्यातल्या मिरजगावची, आणि मिरजगावात असले पाळणे आधीपासून होते, ते जयानं स्वतः पाहिले होते. सून माहेराहून युक्ती घेऊन आली. पुढे बाभूळदऱ्याच्या लेकी जिथं जिथं दिल्या तिथं तिथं ती गेली. सरकारी योजना नाही, कंपनी नाही. लेकी-सुना हाच या मुलखाचा विकासाचा रस्ता. कल्पना गोड होती, आणि जयाचा तिच्यावर जीव होता.

अन् मग आली मोनिका. दिल्लीहून पीएचडी करून, वयानं जयापेक्षा बरीच लहान, केस आखूड, बोलणं मऊ. आल्या आल्या म्हणाली, "जयाताई, तुमचं काम फार सुंदर आहे. पण सुप्याच्या एमआयडीसीचा विचार केलाय का तुम्ही?" लंकाबाईचा मुलगा करण सुप्यातल्या एका कारखान्यात कामाला. तिथल्या जाळ्या बघून त्यानंच घरी पाळणा केला असणार, असं मोनिकाचं म्हणणं. वर करणनं तिला तसं सांगितलंही होतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

विभागाचे प्रमुख राधाकृष्ण सर. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "विद्यापीठात प्रादेशिक विकासाचं नवं केंद्र निघतंय. पाळण्याबद्दल जिचं म्हणणं टिकेल तिचं प्रकरण केंद्राच्या अहवालात पहिलं, आणि केंद्राची प्रमुखही तीच. मी स्वतः गावात येतो." म्हणजे एका पाळण्याच्या दोरीला जयाची सगळी वर्षं टांगलेली होती. ती खुर्ची मोनिकाला गेली तर आपण नोकरी सोडू, असं जयानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

पण खरं सांगू का, त्या खुर्चीपेक्षा तिला दुसरीच एक खुर्ची जास्त सलत होती. लंकाबाईच्या घरातली, प्लास्टिकची, लाल.

मोनिका पहिल्यांदा बाभूळदऱ्यात आली तेव्हा लंकाबाई लगबगीनं आत गेली, ती लाल खुर्ची घेऊन आली, पदरानं पुसली, वर घडी घातलेली चादर टाकली. "बसा म्याडम, टेका. प्रवासानं दमला असाल." मग फुलाफुलांच्या कपबशा निघाल्या. त्या कपबशा घरात आहेत हेच जयाला ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं तिनं चहा प्यायला तो स्टीलच्या पेल्यातून, उंबऱ्यावर बसून. आणि त्या दिवशी ती उंबऱ्यावर टेकते न टेकते तोच लंकाबाई म्हणाली, "जये, बसलीस काय, त्ये सूप घे आन् शेंगदान्याची फोलपटं पाखडून दे. म्याडमला चटनी बांधून द्यायची हाय."

जयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरची करते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा! मी दुष्काळात आले, मी कोरोनात फोन करून करून औषधं पोचवली, मी याच पडवीत पाळण्याखाली गोलटी वेचली, आणि मान कुणाला? कालच्या आलेल्या पोरीला. मी पाखडू, आणि हिनं चटणी खायची. तिनं सूप असं आपटलं की फोलपटं लंकाबाईच्या केसांत गेली.

"हळू की गं, माज्यावर पाखडतीस का?" लंकाबाई हसली. जयाला ते हसूही लागलं. जळणाऱ्याला वारासुद्धा मुद्दाम आल्यासारखा वाटतो.

त्यानंतर दर फेरीला तेच. मोनिकाला "तुमी", जयाला "तू". मोनिकाला गरम भाकरी, जयाला "टोपल्यात हाय बघ, घे हातानं". मोनिका परत निघाली की लंकाबाई वेशीपर्यंत जायची, जया निघाली की आतूनच ओरडायची, "दार वढून घे गं, कुत्रं शिरतं." पुण्याला परतताना जया गाडीच्या काचेला डोकं टेकून हे सगळं एकेक करून आठवायची आणि स्वतःलाच पुन्हा डिवचून घ्यायची. घरी गेल्यावर बोलायलाही कोणी नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याआधी वडील, आणि आईच्या मागं भावानं घर विकून टाकलं होतं.

शेवटी जयानं सुतळीचा डाव काढला. तो त्यांच्या अभ्यासातलाच एक खेळ. सगळ्यांना गोल बसवायचं. ज्याच्या हातात सुतळीचा गुंडा त्यानं सांगायचं, ही नवी युक्ती मी अमक्याकडून शिकलो, आणि आपल्याकडचं टोक धरून ठेवून गुंडा त्या माणसाकडे टाकायचा. त्यानं पुढे टाकायचा. सुतळी मागं मागं जात जिथं थांबेल तिथं त्या युक्तीचं मूळ. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निकाल. ना कुणाच्या टिपणांवर भांडण, ना कुणाच्या मऊ बोलण्याची जादू. "सगळ्यांसमोर तोंडावर आपटू दे एकदा," जया मनात म्हणाली. कुणाबद्दल, ते सांगायला नको.

ठरल्या दिवशी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सगळा गाव जमला. खेळाआधी सत्कार, तो तर कुणाच्या बापाला चुकत नाही. सरपंच मालनबाईंनी आधी सरांना शाल-नारळ दिला, मग मोनिकाला. टाळ्या झाल्या. जयाचं नाव आलंच नाही. उलट मालनबाईंनी शाली-नारळांचं ताट आधीच तिच्या हातात दिलं होतं, "धर गं जरा." म्हणजे मोनिकाच्या खांद्यावर शाल पडत होती आणि जया शेजारी ताट धरून उभी! तिचे कान गरम झाले. ताटातल्या कुंकवाकडं बघत ती उभी राहिली, नाहीतर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं.

"आता नियम ऐका," तिनं ताट खाली ठेवत आवाज चढवला. "संशोधकांनी रिंगणाच्या बाहेर राहायचं. कुणी काही सुचवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, नजरेनं खुणवायचंसुद्धा नाही. तसं झालं तर सगळं काम बाद." हे बोलताना ती मोनिकाकडे टक लावून बघत होती. मोनिका मुकाट्यानं खांबाशी जाऊन उभी राहिली आणि फोटो काढायला तिनं मोबाईल हातात घेतला.

गोण्या शिवायच्या सुतळीचा गुंडा निघाला. पलीकडच्या वस्तीवरची एक सून म्हणाली, "मी नणंदंकडनं शिकले," आणि गुंडा नणंदेकडे गेला. नणंदेनं चुलत जावेकडे टाकला, तो मधे ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावर आदळला आणि हशा पिकला. तिथून मालनबाईंकडे, तिथून म्हाताऱ्या आक्काबाईकडे. "म्या कुनाकडनं शिकले न्हाई बाई," आक्काबाई ठसक्यात म्हणाली. "मला या लंकीनं फसवून पाळन्यापुढं हुबं केलं आन् म्हनली झुलव!" आणि तिनं गुंडा लंकाबाईच्या मांडीवर टाकला.

सगळी सुतळी नणंदा-जावांमधून आली होती, एकही पुरुष मधे नाही, एकही कंपनी नाही. आता फक्त एक हात. लंकाबाईच्या शेजारीच अश्विनी बसली होती, ओंजळ पुढं करून तयार. पलीकडं भिंतीला टेकून करण उभा होता. एवढ्यात सरांचा फोन वाजला आणि "एक मिनिट" म्हणत ते बाहेर पारावर गेले. जाऊ देत, फोटो तर निघतोय, जयाला वाटलं.

लंकाबाईनं सुनेकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. ताणलेल्या सुतळीवरून लुगडं सावरत एकेक पाय टाकत ती रिंगणाबाहेर आली आणि गुंडा जयाच्या हातात ठेवला.

"हे काय मावशी? आतच टाकायचा. कुणाकडून शिकलात त्याच्याकडं."

"मग त्येच की. तूच तर दावला हुतास."

"मी?"

"आगं तू मिरजगावाहून आल्तीस त्या थंडीत. चुलीपाशी बसून मोबाईलवर दावलंस न्हाई का, ती कोन तिकडली भागिरथी, कांदा कशी झुलवती त्ये. मी म्हनलं, ह्ये बेस हाय. तू म्हनलीस, करून बघा मावशी, कंबर वाचंल. दुसऱ्या दिशी मच्छिंद्रा वेल्डरकडं गेले आन् सळ्या जोडून आनल्या."

जयाच्या डोळ्यांपुढं ती थंडी आली. चुलीतला जाळ, हातात पेला, आणि आपण भडाभडा बोलतोय. त्या दिवशी तिनं मिरजगावचं किती काय काय दाखवलं होतं, त्यात हेही असेल. असेल कसलं, होतंच. तिच्या हातातला गुंडा एकदम जड झाला. नव्या युक्तीचं मूळ शोधत गावोगाव हिंडणारी बाई, आणि मूळ निघालं तिच्याच तोंडात! मांडवात शिरलेली शेळी शोधायला शेळीलाच पाठवावं, तशातली गत.

"पण अश्विनी तर मिरजगावची," ती कशीबशी म्हणाली. "अश्विनी, तू म्हणालीस ना, माहेराहून आणला?"

अश्विनीनं पदर तोंडाला लावला. "ताई, आमचं हायवेला दुकान. घरी कांदा यायचा तो भाजीपुरता. तुमीच इचारलं, 'माहेराहून आणलास ना गं?' मी म्हनलं, व्हय."

"मलाबी म्याडमनी इचारलं," करण भिंतीपासून म्हणाला, "कंपनीत असल्या जाळ्या असत्यात का. असत्यात म्हनलं. खोटं न्हवतं त्ये." खांबापाशी मोनिकाचा चेहरा उतरला.

"पण खोटं का सांगितलंत मला?" जयाचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं?"

"खोटं कसलं आलंय त्यात," लंकाबाई तिच्याजवळ सरकली. "तुला आई न्हाई. माहेराची गोष्ट काढली की तुजं तोंड असं खुलायचं! मग आमी बायका म्हनायचो, ही येनार हाय, काडा कायतरी माहेराचं. कोन बियानं आनल्याचं सांगायची, कोन लोनचं. तू लिवून घ्यायचीस आन् पोटभर जेवायचीस. आमाला बरं वाटायचं."

बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जयाला मात्र आपली सगळी वर्षं त्या मानांबरोबर हलताना दिसली. तिची माहेरची वाट, तिचा रस्ता, तिचं प्रकरण. सगळं या बायकांनी तिला जेवणाबरोबर वाढलं होतं.

आक्काबाई हुशार. तिनं पोरीचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. "आगं लंके, हिचं कायतरी बिगडतंय बघ. दे तो गुंडा अश्विनीकडं. सायब भाईरच हायती अजून."

"व्हय व्हय," मालनबाई उठल्याच. "पुन्ना टाकू. अश्विनी, तू म्हन, मी माहेराहून शिकले. म्हन मोठ्यानं."

"म्हनते की," अश्विनीनं ओंजळ पुढं केली. "द्या ताई. तुमचं काम हुतंय न्हवं? मग द्या."

अख्खं गाव तिच्यासाठी खोटं बोलायला कंबर कसून उभं होतं. एवढंच करायचं होतं: दोन पावलं पुढं जायचं आणि गुंडा त्या ओंजळीत टाकायचा. सर फोनवर हसत होते. केंद्र, खुर्ची, पहिलं प्रकरण, सगळं त्या ओंजळीत होतं. जयाचा हात पुढं झालाही.

आणि तिनं खांबाकडं पाहिलं. मोनिकानं मोबाईल खाली घेतला होता. फोटो काढत नव्हती. जयाच्या नजरेला नजर मिळताच तिनं हळूच मान वळवली आणि बाहेर पाराकडं बघायला लागली, जणू तिनं काही ऐकलंच नाही. म्हणजे पोरगी तिला सोडून देत होती. कीव करत होती तिची!

सच्चेपणा वगैरे जाऊ द्या, मी तुम्हाला उगीच मोठेपणा सांगणार नाही. जयाच्या मनात त्या घडीला सत्य नव्हतं, विद्यापीठ नव्हतं, काही नव्हतं. एकच होतं: हिचे उपकार? जन्मभर या कार्टीच्या मऊ बोलण्याखाली राहायचं? मेले तरी नाही. जाऊ दे गेली खुर्ची खड्ड्यात.

"फोटो काढ," ती मोनिकाला म्हणाली.

"जयाताई, राहू दे ना. आपण नंतर..."

"काढ म्हणते ना! सुतळी माझ्या हातात आहे, ती दिसली पाहिजे."

मोनिकानं फोटो काढला. तेवढ्यात सर आत आले, चपला काढत त्यांनी विचारलं, "हं, कुठवर पोचली सुतळी?"

"माझ्यापर्यंत, सर," जया म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, एका दमात, चुलीपासून ओंजळीपर्यंत. सरांनी सुतळीच्या जाळ्यावरून एक नजर फिरवली. "केंद्राचं मग बघू, जया," ते म्हणाले. सरांचं "मग बघू" म्हणजे काय, ते विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

लंकाबाईला काहीतरी मोडलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही. ती हिरमुसली होऊन जयाचा दंड धरून बसली. "तू आनलास म्हंजी माहेराहूनच आला की," ती पुटपुटत होती. "लेकीनं आनलेलं आनि कुठनं आलेलं असतंय?" जयानं ऐकलं आणि तिला लाल खुर्ची आठवली. चादर, कपबशा, वेशीपर्यंत पोचवणं. पाहुणीला खुर्ची देतात. लेकीला कोण देतं? लेकीला सूप देतात. माहेर-सासरावर एवढी मोठी अभ्यासक, आणि एवढं साधं तिला इतकी वर्षं कळलं नव्हतं. डोळ्यांवर मत्सराची पट्टी बांधून बसली होती बया.

परतताना सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आधीच पेंगले. मागं दोघी. मोनिकाच्या मांडीवर घडी केलेली शाल आणि त्यावर नारळ. जयाच्या पायाशी पिशवी: बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि लंकाबाईनं वरून कोंबलेली कांद्याची पात. निघताना लंकाबाई नेहमीप्रमाणं मोनिकाला पोचवायला वेशीपर्यंत आली होती, आणि जयाला म्हणाली होती, "पोचलीस की फोन कर, न्हाईतर बघ."

मग मोनिका नारळाच्या शेंडीशी चाळा करत म्हणाली, "माझंही करणचं म्हणणं खोटं पडलं आज. पण त्याचं एवढं नाही वाटत."

जयानं पायाशी कलंडलेली पिशवी सरळ केली.

"मी सत्तर प्रश्न विचारले असतील त्या गावात," मोनिका म्हणाली. "सगळ्यांनी नीट उत्तरं दिली. खुर्ची दिली, चहा दिला. पण माझ्यासाठी तिथली एकही बाई खोटं बोलली नसती." आणि तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. शेवटचे शब्द तिला नीट जमले नव्हते, खरखरीत झाले होते.

तो आवाज जयानं बरोबर ओळखला. कितीतरी संध्याकाळी याच रस्त्यावर, याच काचेला डोकं टेकून, तिनं तो स्वतःच्या पोटात ऐकला होता. केंद्र गेलं होतं. प्रकरण गेलं होतं. उद्या सगळी टिपणं पुन्हा वाचायची होती, आणि त्यातलं काय ठेवावं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. शहाण्या बाईनं रडायला पाहिजे होतं.

पण मन कसलं मेलं वाईट असतं बघा. सुप्याचा फाटा आला, कारखान्यांचे दिवे लागायला लागले होते, आणि जयाला आतून गुदगुल्या होत होत्या. तिनं पिशवीतली कांद्याची पात नीट केली, मोनिकाकडं वळली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काय म्हणालीस गं? परत सांग ना, नीट ऐकू नाही आलं."